खरपूस की करपट? एका स्टाउटच्या दोन बॅचेस चाखताना

एका स्टाउटबद्दल, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरबद्दल, पिणाऱ्यांची तक्रार एका शब्दाची होती: कडवट. शब्द सोपा आहे, पण तेवढ्यावरून ब्रुअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, काहीच करता येत नाही. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कमी करायचे, काळं धान्य कमी करायचं की पाणी बदलायचं? बिअरच्या बाबतीत आपण ‘कडू’ म्हणतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक खरा कडूपणा, दुसरा आंबटपणाची चुणचुण आणि तिसरा तुरटपणा. तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून चाखायला बसताना बिअर चांगली की वाईट हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. या स्टाउटमधलं ‘कडवट’ नेमकं काय आहे, एवढंच शोधायचं ठरवलं.

बिअर एका स्थानिक छोट्या ब्रुअरीची, ओटमील स्टाउट, मद्यार्क ५.२ टक्के. पाककृती एकच, बॅचेस दोन: पहिली सात आठवड्यांची, दुसरी तीन आठवड्यांची. ५०० लिटरला १२४ किलो धान्य. त्यात पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकी बार्ली) ८८ किलो, चपटे केलेले ओट्स १४ किलो, क्रिस्टल माल्ट ८ किलो, भाजलेली बार्ली ८ किलो आणि चॉकलेट माल्ट ६ किलो. (चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं, रंगावरून आणि भाजण्याच्या पातळीवरून पडलेलं ते नाव आहे.) कडूपणासाठी १२ टक्के अल्फा आम्लाचे मॅग्नम हॉप्स ५३० ग्रॅम, उकळी सुरू होतानाच घातलेले, पुढे ६० मिनिटं उकळी. हिशेबाने ३२ आयबीयू (कडूपणा मोजण्याचं एकक). सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून) १.०५६, शेवटची पहिल्या बॅचमध्ये १.०१६ आणि दुसऱ्यात १.०१७. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या २०२१ च्या शैली-मार्गदर्शिकेत ओटमील स्टाउटसाठी २५ ते ४० आयबीयू दिले आहेत, म्हणजे कागदावर हॉप्स मुळीच जास्त नव्हते. आयबीयूचा हा हिशेब फक्त हॉप्सचा असतो. भाजलेल्या दाण्यांचा कडवटपणा त्यात धरला जात नाही. स्टाउटची आयबीयू वाचून चवीचा अंदाज बांधणारे इथेच चुकतात.

आधी आंधळी चाचणी

दोन बॅचेसमध्ये खरोखर फरक आहे का, हे आधी नावं झाकून तपासलं. त्यासाठी त्रिकोणी चाचणी सगळ्यात सरळ. प्रत्येकासमोर तीन पेले, त्यांतले दोन एकाच बॅचचे, एक दुसरीचा. वेगळा पेला कोणता, एवढंच सांगायचं. कोणता आवडला हे विचारायचं नाही. चाखणारे सहा होते आणि तीन पेल्यांच्या मांडणीचे प्रकारही बरोबर सहाच होतात (पहिली-पहिली-दुसरी, पहिली-दुसरी-पहिली, याप्रमाणे). त्यामुळे प्रत्येकाला वेगळी मांडणी मिळाली. ओतणारी व्यक्ती सातवी, तिने चाखलं नाही. पेल्यांवर तीन आकडी यादृच्छिक क्रमांक घातले. क्रमांक १, २, ३ किंवा अ, ब, क असे दिले की पहिल्याला झुकतं माप मिळतं. पेले अपारदर्शक घेतले, कारण फेसाच्या फरकावरून डोळे उत्तर सांगून टाकतात आणि जीभ मग फक्त होकार देते.

सहापैकी पाच जणांनी वेगळा पेला बरोबर ओळखला. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता प्रत्येकी एकतृतीयांश असते. त्यामुळे सहातले पाच किंवा जास्त योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे सुमारे १.८ टक्के. फरक खरा होता. हे आधी झाल्यामुळे पुढच्या चर्चेत ‘मला तर दोन्ही सारख्याच लागतात’ आणि ‘तुझी जीभ गेली’ अशी खेचाखेची झाली नाही.

एक सूचना इथेच करतो. ही चाचणी केगच्या (बिअरच्या पिंपाच्या) दोन वेगळ्या नळांवरून करायची असेल तर दोन्ही नळांतून आधी अर्धा-अर्धा लिटर बिअर सोडून द्यावी. पाइपमध्ये थांबलेली बिअर कोमट आणि शिळी झालेली असते. पाइप धुतलेले नसतील तर त्यात आंबट किंवा लोण्यासारख्या वासाचे जिवाणूही असतात, आणि मग बॅचचा म्हणून नोंदवलेला दोष प्रत्यक्षात नळाचा निघतो. आम्ही शंका नको म्हणून दोन्ही बॅचेस बाटलीतून घेतल्या. नायट्रोच्या, म्हणजे नायट्रोजन मिसळलेल्या गॅसच्या, नळावरची पहिली बॅच शेवटी वेगळी पाहिली.

पेला, तापमान, डोळे, नाक

उघड चाखणीसाठी वर निमुळते होत जाणारे ट्युलिप ग्लास वापरले, प्रत्येकी १०० मिली बिअर. ग्लास साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळाळले आणि पालथे घालून आपोआप वाळू दिले. फडक्याने पुसलं की धागे आणि तेलकटपणा राहतो. ओतल्यावर आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास स्वच्छ नाही, असं समजून तो बदलायचा. शिवाय ओट्समधल्या तेलामुळे या बिअरचा फेस मुळातच थोडा नाजूक असतो. ग्लासही तेलकट असेल तर दोष धान्याचा की ग्लासचा, हे कळत नाही.

बाटल्या ६ अंश सेल्सिअसवर होत्या. खरी चाखणी ६ अंशांवर होत नाही, पण सुरुवात तिथूनच करावी, असं आमचं ठाम मत आहे. स्टाउट ऊब घेत जाते तशी तिची एकेक बाजू उघडते, आणि हा प्रवासच तिची परीक्षा असतो. आम्ही ६, १० आणि १४ अंशांवर वेगवेगळ्या नोंदी केल्या. थर्मामीटर एका जास्तीच्या ग्लासात ठेवला. चाखायच्या ग्लासात बुडवला तर गॅस निघून जातो. पहिली दहा मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं. एकाने ‘कॉफी’ म्हटलं की पुढच्या पाच जणांना कॉफीच येते.

रंग दोन्हींचा सारखा, काळा. पण दिव्यासमोर तिरपा धरल्यावर कडेला गडद माणकासारखी तांबूस रेघ. ती दिसली की बिअर गढूळ नाही, हे कळतं. फेस फिक्या कॉफीच्या रंगाचा. पहिल्या बॅचचा फेस दोन मिनिटांत पातळ कड्यावर आला, दुसरीचा चार मिनिटं टिकला. डोळ्यांचं काम एवढंच. बीजेसीपीच्या ५० गुणांच्या पत्रकात दिसण्याला ३, वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. स्टाउटच्या बाबतीत पोताचे ५ गुण फार कमी वाटतात. ओट्सच्या स्टाउटमध्ये तर निम्मा निकाल पोतावरच लागतो.

वास घ्यायचा तो ओतल्यावर लगेच. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे उडून जातं ते परत येत नाही. एक लांब श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगे घ्यावेत, मग ग्लासवर तळहात ठेवून, हलकं फिरवून पुन्हा एकदा. नाक थकलं की आपल्याच बाहीचा वास घ्यावा. हा तटस्थ वास उपयोगी पडतो, मात्र कपड्यांना अत्तर किंवा डिओडरंट नको.

६ अंशांवर दोन्ही बॅचेस जवळजवळ गप्प होत्या. १० अंशांना दुसऱ्या बॅचमधून कोको, पावाचं करकरीत कवच आणि मागून ओट्सचा धान्याळ गोडसर वास आला. पहिलीतून कॉफी आली, पण थंड होऊन तासभर पडून राहिलेली कॉफी. १४ अंशांवर तिच्यात अजून एक वास उघडला. विझत्या निखाऱ्यांवर पाणी मारल्यावर ओल्या राखेचा येतो तो. सहापैकी चार कागदांवर ‘राख’ हा शब्द आपापला आला होता, म्हणून तो पक्का धरला.

इथे मराठीतल्या शब्दांनी फार मदत केली. खमंग, खरपूस, करपट, जळकट या चार शब्दांत भाजण्याची सगळी चढण येते, आणि स्टाउटचा सगळा खेळ या चढणीवर नेमकं कुठे थांबायचं एवढाच आहे. १८१७ मध्ये डॅनिअल व्हीलर यांनी माल्ट फिरत्या ड्रममध्ये भाजण्याचं पेटंट घेतलं. थोड्याशा काळ्या माल्टने पूर्ण रंग मिळू लागला तो तेव्हापासून. हे भाजणं २०० अंशांच्या वर जातं. तिथे खरपूस आणि करपट यांत अंतर अगदी थोडं राहतं. ब्रुअरच्या हातात भट्टी नसते, पण त्या दाण्यातून काय काढायचं आणि काय दाण्यातच सोडायचं, हे त्याच्याच हातात असतं.

तोंडात तीन गोष्टी वेगळ्या करताना

घोट साधारण १५ मिली, तोंडभर फिरवून, गिळायचा. वाइनसारखी बिअर थुंकून चाखता येत नाही. गिळल्यानंतर घशातून नाकात चढणारा वास आणि मागे रेंगाळणारा कडूपणा हे दोन्ही हातचे जातात. दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि बिनमिठाच्या पावाचा तुकडा.

कडूपणा जिभेवर येतो, उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. आंबटपणा लगेच येतो, जिभेच्या कडांना चुणचुणतो, तोंडाला पाणी सुटतं, जास्त असेल तर दात आंबतात. तुरटपणा ही मुळात चव नव्हेच, तो स्पर्श आहे: हिरड्या ओढल्यासारख्या होतात, गालांची आतली बाजू खरखरीत लागते, जीभ टाळूला चिकटते. फार वेळ उकळलेल्या चहाची आठवण यावी तसं. तुरटपणाची दुसरी खूण अशी की तो साचत जातो. पहिल्या घोटात कळत नाही, पाचव्या घोटाला तोंड कोरडं ठक्क पडतं. म्हणून एका घोटावर स्टाउटचा निकाल देऊ नये. १०० मिली पूर्ण संपवून मग लिहावं.

पहिल्या बॅचच्या नोंदींत आंबट चुणचुण सहा जणांना जाणवली होती, तुरटपणा पाच जणांना, आणि निखळ कडूपणा जास्त असल्याचं फक्त एकाने लिहिलं होतं. म्हणजे ज्याला सगळे ‘कडवट’ म्हणत होते त्यातला बराचसा भाग कडू नव्हताच. दुसऱ्या बॅचमध्ये कडूपणा तेवढाच होता, पण त्याच्या खाली ओट्सची मऊ, जराशी तेलकट गादी होती. शेवट कोरडा, तरी स्वच्छ.

नोंदी पटण्याजोग्या होत्या, तरी खात्री करून घेतली. दोन्ही बिअरचे नमुने हलवून, गॅस काढून, २० अंशांवर पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) मोजला. पहिलीचा ४.१, दुसरीचा ४.३५. मग १०० मिली पाण्यात १ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवला. पहिल्या बॅचच्या १०० मिलीत हे द्रावण अर्धा-अर्धा मिली करत सुमारे ४ मिली घातलं, पीएच ४.३५ च्या जवळ येईपर्यंत. तुलनेच्या ग्लासात ४ मिली साधं पाणी घातलं, नाहीतर पातळ झाल्याचा फरक सोड्याच्या नावावर जातो. सोडा घालताना बिअर फसफसते आणि थोडा गॅस जातो, म्हणून दोन्ही ग्लास सारखेच ढवळले. जास्त सोडा पडला तर बिअर खारट, सपक, साबणासारखी लागते. तसं झालं तर नवा नमुना घ्यावा.

या ग्लासने बरंच काही स्पष्ट केलं. चुणचुण गेली, कॉफी पुन्हा गोलसर झाली, कोकोसारखं काहीतरी वर आलं. पण हिरड्या ओढल्या जाणं आणि ओल्या राखेचा वास तसाच राहिला. म्हणजे दोष दोन होते, एक आम्लाचा आणि एक दाण्यातून ओढून निघालेल्या टॅनिनचा (सालीतल्या तुरट द्रव्याचा) नि जळकट अंशांचा. एकच उपाय पुरणार नव्हता.

मॅशमध्ये काय घडलं

कागद भरून झाल्यावर ब्रुअरला बोलावलं. त्याआधी बोलावलं असतं तर त्याच्या चेहऱ्याकडे बघून सगळ्यांनी लिहिलं असतं. दोन्ही बॅचेसच्या नोंदवह्या त्याने पुढे ठेवल्या आणि चर्चा तिथून खरी रंगली.

पहिल्या बॅचमध्ये सगळं धान्य एकदम मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यातल्या धान्याच्या भिजवणीत, गेलं होतं, ६६ अंशांना ६० मिनिटं. पाणी आरओचं, त्यात क्षार जवळजवळ शून्य. फिक्या बिअरसाठी असं पाणी चांगलं, काळ्या बिअरसाठी धोक्याचं. भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं आणि मॅशचा पीएच खाली खेचतं. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर ते हा ओढा पेलून धरतं. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आणि म्हणून तिथे काळी स्टाउट जमली, हे ब्रुइंगच्या अभ्यासात नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे, आणि त्यामागचं रसायन अगदी हेच. आरओच्या पाण्यात पेलायला काहीच नव्हतं. नोंदवहीत मॅशचा पीएच ५.१ होता, हवा होता ५.३ ते ५.५. तिथे खाली गेलेला पीएच आंबवणीनंतरही खालीच राहतो. बिअर ४.१ वर आली आणि भाजका स्वाद खरपूस न राहता टोकदार झाला.

तुरटपणाचा माग काढायला जास्त वेळ लागला. ठरलेलं उत्तर असं की स्पार्जच्या शेवटी, म्हणजे धान्य धुऊन उरलेली साखर काढताना, पीएच ५.८ च्या वर आणि तापमान ७७ अंशांच्या वर गेलं की सालीतून टॅनिन सुटतं. पहिल्या बॅचमध्ये स्पार्जचं पाणी ८२ अंशांचं होतं आणि शेवटच्या धारेची घनता १.००६ होईपर्यंत धुणं चालू होतं. साधारणपणे १.०१० ला थांबायचं असतं. पण पाणी बिनक्षाराचं आणि मॅश आधीच आम्ल, त्यामुळे पीएच ५.८ च्या वर गेला असेल असं आम्हाला वाटत नाही. मग उरतात गरम पाणी, लांबलेलं धुणं आणि दळण. दळण हेच खरं कारण, असं आमच्यातल्या बहुतेकांचं मत पडलं. रंग पूर्ण उतरावा म्हणून भाजलेली बार्ली जवळजवळ पिठासारखी दळली होती. भाजलेला दाणा ठिसूळ असतो, साल चुरून भुगा होतो. हा भुगा मॅशचा एक तास आणि स्पार्जचा पाऊण तास गरम पाण्यात राहिला. त्यातून रंगाबरोबर राखही उतरली. पाणी धान्यातून अडखळत गेलं तेही यामुळेच. ओट्सच्या बीटा-ग्लुकनमुळे मॅश आधीच चिकट असतो, त्यात पीठ. ब्रुअरने निचरा होत नाही म्हणून पाणी अधिक गरम केलं आणि तिथून ८२ अंश आले. एक चूक झाकायला दुसरी झाली होती. अशा मॅशला भाताची तुसं लागतात. १२४ किलोला ३-४ किलो तुसं भिजवून घातली की निचरा मोकळा होतो आणि चवीत काही येत नाही.

दुसऱ्या बॅचमध्ये ब्रुअरने काळं धान्य वेगळं आणि जाडसर दळलं, दाण्याचे तीन-चार तुकडे होतील एवढंच. ते मॅशच्या शेवटच्या १५ मिनिटांत वरून पसरलं. स्टार्चची साखर तोपर्यंत झालेली असते आणि भाजलेल्या धान्यात पचवायला तसंही फारसं काही उरलेलं नसतं, म्हणून उशिरा घातल्याने उतारा घटत नाही. मॅशचा पीएच आधी ५.५ होता, काळं धान्य पडल्यावर ५.२५ झाला. स्पार्ज ७६ अंशांना, १.०१० ला बंद. निकाल ग्लासात होता.

बिअर सुधारली, पण यावर आम्ही एक आक्षेप नोंदवला. दळण, घालण्याची वेळ, स्पार्जचं तापमान आणि थांबण्याची घनता, चार गोष्टी एकदम बदलल्या. त्यातली कोणती कामाला आली, हे आता सांगता येत नाही. शिवाय वयाचा फरक आहेच. सात आठवड्यांत भाजकेपणाची धार थोडी बोथट होते, ऑक्सिजन शिरला असेल तर कॉफी मावळून ओल्या पुठ्ठ्याची किंवा शेरीसारखी छटा येते. पहिल्या बॅचमधली ती ‘पडून राहिलेली कॉफी’ मॅशची की वयाची, यावर एकमत झालं नाही आणि तसंच लिहून ठेवलं.

साल काढलेलं काळं माल्ट वापरावं का, हाही विषय निघाला. वायरमान कंपनीचं काराफा स्पेशल माल्ट अशा कामासाठीच असतं, रंग देतं आणि जळकटपणा बराच कमी. आमच्यातल्या दोघांना तो सोपा मार्ग वाटला. बाकीच्यांचं म्हणणं असं की भाजलेल्या बार्लीचा कोरडा, कॉफीसारखा शेवट हा या बिअरचा कणा आहे, तो काढून टाकला तर उरतं ते काळ्या रंगाचं गोड ब्राउन एल. आमचाही कल याच बाजूला आहे. फार तर चॉकलेट माल्टमधला २ किलो भाग बदलून बघावा.

नायट्रोवर तीच बिअर

शेवटी पहिली बॅच नायट्रोच्या नळावरून घेतली. गॅस ७५ टक्के नायट्रोजन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दाब ३० पीएसआयच्या वर, नळात बारीक छिद्रांची चकती. नायट्रोजन बिअरमध्ये फार थोडा विरघळतो, चकतीतून जाताना एकदम बाहेर पडतो आणि बुडबुडे अगदी बारीक होतात. ग्लासच्या मध्यातून बिअर वर चढते आणि कडेने खाली उतरते, बारीक बुडबुड्यांना सोबत खेचत. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला बुडबुडे खाली पडताना दिसतात. गिनेसने ही पद्धत १९५९ मध्ये बाजारात आणली, मायकेल ॲश यांच्या कामातून.

नायट्रोवर पहिली बॅच चक्क बरी लागली. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाटलीत बिअरच्या आकारमानाच्या सुमारे २.३ पट होता, इथे १.२ च्या आसपास. कार्बॉनिक आम्लाची चावरी बाजू निम्मी झाली आणि सायीसारख्या फेसाने वरची धार झाकली. पण चौथ्या-पाचव्या घोटाला हिरड्या पुन्हा ओढल्या गेल्या. नायट्रो आम्ल झाकतो, तुरटपणा झाकत नाही. वासही दबतो, कारण वास वर घेऊन येणारे बुडबुडेच कमी असतात. तेव्हा नवी स्टाउट तपासायची ती साध्या कार्बन डायऑक्साइडवर. तिथे नीट लागली तर नायट्रोवर लागेलच. उलटं होईल असं नाही.

आता दुसऱ्या बॅचबद्दल. तिच्यात चाखताना कोणालाच दोष सापडला नव्हता, म्हणून ती सोडून द्यायचा मोह होता. पण तीन आठवड्यांची बिअर म्हटल्यावर डायअसिटिलची (लोण्यासारख्या वासाच्या द्रव्याची) चाचणी करायलाच हवी. झाकणाच्या दोन बरण्यांत २००-२०० मिली बिअर घेतली. एक ६५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवली, दुसरी बाहेर. दोन्ही २० अंशांवर आल्यावर झाकण उघडून लगेच हुंगलं. गरम केलेल्या बरणीतून वितळलेल्या लोण्याचा वास आला, चार जणांना स्पष्ट, दोघांना मुळीच नाही. डायअसिटिल काही नाकांना पोहोचतच नाही. आपलं नाक त्यातलं आहे का, हे प्रत्येक चाखणाऱ्याने एकदा तपासून घ्यावं. पहिल्या बॅचच्या बरणीत काही नव्हतं.

लोणी आत्ता बिअरमध्ये नाही, पण त्याचा पूर्वज, अल्फा-ॲसिटोलॅक्टेट, शिल्लक आहे. ऊब आणि ऑक्सिजन मिळाला की त्याचं डायअसिटिल होणार. नोंदवहीत कारण मिळालं. घनता सहाव्या दिवशी १.०१७ ला थांबली आणि त्याच रात्री टाकी २ अंशांवर नेली. घनता थांबली म्हणजे यीस्टचं काम संपलं असं नसतं. आपणच सोडलेल्या या ऐवजातून होणारं डायअसिटिल शोषून घ्यायला त्याला १९-२० अंशांवर आणखी दोन-तीन दिवस लागतात. थंडी पडली की यीस्ट खाली बसतं आणि काम अर्धवट राहतं. बाटलीत भरलेल्या बॅचला आता एवढंच करता येतं की ती थंड ठेवायची आणि लवकर संपवायची. पुढच्या वेळी टाकी थंड करण्याआधी ही बरणीची चाचणी करायची. लोणी आलं तर आणखी दोन दिवस थांबायचं.

तिसऱ्या बॅचसाठी ठरलं ते असं. दळण जाडसर, स्पार्ज ७६ अंश, १.०१० ला बंद आणि ४ किलो भाताची तुसं. यात चर्चा नाही. काळं धान्य मात्र पुन्हा सुरुवातीलाच घालायचं आणि पीएच पाण्याने सांभाळायचा. ५.१ वरून ५.४ वर आणायला एवढ्या धान्याला सुमारे १२० ग्रॅम खाण्याचा सोडा लागेल असा हिशेब निघाला. आधी ६० ग्रॅम घालून, दहा मिनिटं ढवळून, नमुना थंड करून पीएच बघायचा, मग उरलेल्याचं ठरवायचं. खडूची पूड घालायचा विचार सोडला, ती मॅशमध्ये नीट विरघळत नाही. दुसऱ्या बॅचपेक्षा फरक मुख्यतः एकच राहील: काळं धान्य तासभर मॅशमध्ये, योग्य पीएचवर. त्यातून राख येते की नाही, हे कळलं तर दळणावरचा संशय पक्का होईल.

दुसऱ्या बॅचच्या सहा बाटल्या ४ अंशांवर बाजूला ठेवल्या आहेत. चार आठवड्यांनी त्या पहिल्या बॅचच्या आजच्या वयाच्या होतील. तेव्हा त्याच सहा जणांनी, त्याच ग्लासांत, १४ अंशांवर ‘पडून राहिलेली कॉफी’ शोधायची आहे.